गिनती

नावनोंदणीच्या दिवशी मैदानावर रांग लागली की मी प्रत्येकाला एकच विचारायचो, 'एनसीसी कशाला पाहिजे?' उत्तरं साधारण ठरलेली असत. पोलिस भरतीत फायदा होतो. अग्निवीरला जादा गुण मिळतात. चुलतभाऊ होता एनसीसीत. मुली सांगायच्या, घरचे एरवी कुठे सोडत नाहीत, कॅम्पला सोडतील. 'देशसेवा' हे उत्तर तोंडपाठ करून येणारेही बरेच. त्यांना मी 'म्हणजे काय करणार?' असं विचारलं की तिथे त्यांची गाडी अडायची. एक जण म्हणाला, 'वर्दीत फोटो काढायचाय, सर.' त्याला मी लगेच घेतला. त्या दिवशीच्या रांगेत तेवढाच सरळ बोलला होता.

कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी भूगोल शिकवला आणि त्यातली वीसेक वर्षं कॉलेजची एनसीसी सांभाळली. बाहेरच्यांना वाटतं, हे काम फौजेचे लोक करतात. बटालियनचा कर्नल फौजेतला असतो, सुभेदार-हवालदारही फौजेतूनच येतात. पण कॉलेजातल्या कॅडेटांना रोज तोंड देणारा असोसिएट एनसीसी ऑफिसर, म्हणजे एएनओ, हा कॉलेजचाच मास्तर असतो. खांद्यावर तारे आणि बोटांना खडू. प्राचार्यांना तो फार फौजी वाटतो आणि बटालियनला फार मास्तर.

एएनओ होण्याआधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. पुरुषांसाठी नागपूरजवळ कामठीला आणि महिलांसाठी ग्वाल्हेरला अकादमी आहे. कामठीला आम्ही सगळे तिशी ओलांडलेले प्राध्यापक, पोटं सुटायला लागलेली, पहाटे हाफ पँटीत धावत होतो. शिकवायला हवालदार, त्यांना 'उस्ताद' म्हणायचं. वर्गात दोन-तीन डॉक्टरेटवाले होते आणि उस्तादांचं शिक्षण आमच्या विद्यार्थ्यांहूनही कमी असावं. पण त्यांच्याइतकं चोख शिकवताना मी विद्यापीठातही कुणाला पाहिलं नाही. आधी ते न बोलता कृती करून दाखवायचे, तो नमुना. मग तीच कृती तुकड्यातुकड्यांनी, तोंडाने सांगत, ती 'बयान से नमूना'. मग आमच्याकडून करून घ्यायचे. आणि शेवटी आमच्यातल्याच एकाला पुढे बोलावून म्हणायचे, 'अब आप सिखाइए, साब.' समजलं का, असं त्यांनी कधीच विचारलं नाही.

परत आल्यावर माझ्या भूगोलाच्या तासाची रीतच बदलली. समोच्च रेषा मी तोवर फळ्यावर काढून शिकवायचो आणि मुलं त्या वहीत उतरवून घ्यायची. आता कॉलेजमागच्या ओढ्यातली वाळू आणून फौजेसारखं सँड मॉडेल करायला लागलो. टेकडी, खिंड, नाला, सगळं हाताने. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर स्वतःच्या गावाची विहीर सापडली की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होत.

एनसीसी आली स्वातंत्र्यानंतर लगेच. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून कायदा झाला आणि १९४८च्या जुलैत ती सुरू झाली. चीनच्या युद्धानंतर १९६३ साली कॉलेजच्या मुलांना ती सक्तीची केली, आणि १९६८ साली पुन्हा ऐच्छिक. त्या सक्तीच्या काळाच्या गोष्टी आमचे निवृत्त सहकारी रंगवून सांगायचे. अर्धा वर्ग आजारी, उरलेल्यांतले निम्मे झाडामागे. सक्तीने कवायत करून घेता येते. पण पुढे होऊन 'हे मी बघतो' म्हणणारा माणूस सक्तीने तयार होत नाही, हे देशाने पाच वर्षांतच पाहिलं.

आता नेतृत्वाकडे येतो. आमच्या पोरांच्या डोक्यात नेतृत्व म्हणजे आवाज. गावात त्यांनी नेते पाहिले ते माईकवरचे, नाहीतर बुलेटवरचे. त्यामुळे वर्ड ऑफ कमांड द्यायला कुणाला पुढे बोलावलं की तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा आणि परेड लटपटायची. कारण आज्ञेचे दोन भाग असतात. पहिला भाग लांबवायचा, तो ऐकून समोरचे तयार होतात. मग थोडं थांबायचं. दुसरा भाग तोडून टाकायचा, त्यावर हालचाल होते. चालत्या परेडला 'थम' म्हणायचं तर समोरच्यांचा कोणता पाय जमिनीवर आहे हे बघून म्हणावं लागतं. एवढ्यासाठी आपल्या आवाजापेक्षा त्यांच्या पायांकडे लक्ष लागतं. मोठा आवाज असलेली मुलं इथे हटकून चुकायची. ती स्वतःलाच ऐकत असायची.

आमचे एक सुभेदार साहेब होते, नोकरीची शेवटची वर्षं काढायला बटालियनला आलेले. बोलायचे कमी. कॅडेट सीनियर निवडायची वेळ आली की मुलांना वाटायचं, ज्याचा ड्रिल कडक आणि बूट चकाचक तो. हे साहेब मात्र कॅम्पच्या मधल्याच दिवशी दुपारी, भर गर्दीत, एखाद्या सेक्शन कमांडरला थांबवून विचारायचे, 'तुम्हारे कितने हैं? अभी कहाँ हैं?' बहुतेकांची बोबडी वळायची. सकाळच्या परेडला 'गिनती कर' झालेली असते, तो आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण दुपारी तीन वाजता आपले दहा जण कुठे आहेत? दोन लंगर ड्युटीवर, एक एमआय रूममध्ये, म्हणजे कॅम्पच्या दवाखान्यात, तापाने पडलेला, एकाच्या बुटाने टाच सोललीय म्हणून तो तंबूत, बाकी फायरिंगला. हे न अडखळता सांगणारा मुलगा एखाद-दुसराच निघायचा. साहेब त्याचं नाव वहीत लिहून घ्यायचे.

मला त्या कामातून एक गोष्ट कळली असेल तर ती हीच. आपली माणसं किती, कुठे आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे ज्याला विचारावं लागत नाही, त्याच्यामागे लोक जातात. बाकीचं सगळं, चाल, आवाज, इंग्रजी, नंतर शिकवता येतं.

दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प ही याची खरी शाळा. घरी ताटावर बसून पाणी मागणारी पोरं तिथे थाळी-मग घेऊन रांगेत उभी राहतात. पहिल्या दोन रात्री मुलींच्या तंबूतून रडण्याचे आवाज येतात. मुलांच्याही येतात, ते खोकून झाकतात. तिसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू होतात. बादलीवरून, झोपायच्या जागेवरून, कुणाची सतरंजी कुणी नेली यावरून. मला हे दिवस सर्वांत मोलाचे वाटायचे.

एका कॅम्पला साहेबांनी सीक्यूएमएच, म्हणजे सामानाचा हिशेब ठेवणारा, एक अगदीच दिसायला नसलेला मुलगा केला. बुटका, चष्मा, ड्रिलमध्ये हात आणि पाय एकाच बाजूचे पुढे जायचे. आमच्या दूध डेअरीत मापाड्याचं काम सकाळी करून तो कॉलेजला यायचा. मुलं हसली. पण त्याने पहिल्याच संध्याकाळी ब्लँकेटं मोजली, फाटकी वेगळी काढली आणि चांगली आधी बटालियनबाहेरून आलेल्या छोट्या कॉलेजांच्या मुलांना दिली. त्याच्या स्वतःच्या कॉलेजला उरलेली मिळाली. आमच्यातले दोघे-तिघे तापले. तो शांतपणे म्हणाला, 'आपली माणसं आपल्याला शिव्या देतील. त्यांची माणसं कुणाला देणार?' त्यानंतर कॅम्प संपेपर्यंत सामानावरून तक्रार आली नाही. पुढच्या वर्षी तो सीनियर अंडर ऑफिसर, म्हणजे कॅडेटांत सर्वांत वरचा, झाला. ड्रिल त्याचा शेवटपर्यंत बेताचाच राहिला.

सगळंच असं गोड नव्हतं. वर्दी अंगावर चढली की काहींना माज चढतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना 'रगडा' द्यायची पद्धत सगळीकडे कमी-अधिक चालते. बेडूक उड्या, ग्राउंडला फेऱ्या, कोपरांवर सरपटणं. चुकीची शिक्षा म्हणून थोडंफार चालून जातं. पण हळूहळू चूक शोधून काढली जाते, कारण शिक्षा द्यायची असते. याचं समर्थन करणारे मला नेहमी सांगायचे, सर, आम्हीही हे सोसलंय. हे वाक्य मी घराघरांत सासवांच्या तोंडून ऐकलेलं आहे. आमच्याकडे मी नियम केला की ज्युनियरला जी शिक्षा, ती देणाऱ्यानेही सोबत करायची. दहा फेऱ्या सांगितल्या तर दहा फेऱ्या बरोबर पळायच्या. शिक्षांचं प्रमाण आठवड्याभरात एकदम उतरलं. काही सीनियर मात्र मनापासून पळाले, आणि ज्युनियर पुढे त्यांच्यासाठी काहीही करायला तयार असायचे.

हुकूम पाळायला शिकवून तुम्ही विचार करणं बंद करता, असा टोमणा आमच्याच स्टाफरूममधले मित्र मारायचे. त्यात अजिबात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. परेड ग्राउंडवर विचार करायला वाव नसतोच. पण नकाशा आणि होकायंत्र देऊन पाच जणांना टेकडीपलीकडे पाठवलं की सगळा विचारच असतो. दरवर्षी एखादा तरी गट सरळ रेषेत निघायचा, कारण नकाशावर ते अंतर कमी दिसतं, आणि नाल्यात उतरून तासभर अडकायचा. बहुधा त्या गटातल्या एकाला आधीच शंका आलेली असायची आणि तो बोललेला नसायचा. संध्याकाळी मी पुढे चालणाऱ्याला कमी आणि त्या गप्प राहिलेल्याला जास्त प्रश्न विचारायचो. ते त्यांना अन्यायाचं वाटे.

एसएसबीचा, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाचा, विषय काढल्याशिवाय आमच्या पोरांची गोष्ट पुरी होत नाही. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत असलं की पदवीधराला लेखी परीक्षेशिवाय सरळ एसएसबीला जायची एक वाट आहे, आणि तिचं आकर्षण फार मोठं. पाच दिवसांची निवड. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि निम्म्याहून जास्त मुलं संध्याकाळच्या गाडीने परत निघतात. उरलेल्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या, मैदानावरची गटकामं, मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांसमोर उभं राहणं. अधिकाऱ्यात हवेत असे पंधरा गुण तिथे तपासतात.

आता गुणांची ही यादी बाजारात मिळते, त्यामुळे पोरं ती पाठ करूनच जातात. एका चाचणीत प्रसंग देतात आणि तुम्ही काय कराल ते अर्ध्या मिनिटात लिहायचं असतं. आमची मुलं सराव करताना रेल्वेत चार दरोडेखोरांना एकट्याने पकडायची, पूल वाहून गेलेला दिसला की अंगातला लाल शर्ट काढून गाडी थांबवायची. मी म्हणायचो, तुझा लाल शर्ट आहे का? आणि पूल वाहून गेलाय तर आधी स्टेशनात फोन कोण करणार? हळूहळू ते खरं लिहायला लागायचे. खरं लिहिलेलं वाचायला साधं वाटतं, पण ते पुढे मुलाखतीत टिकतं.

मैदानावरच्या गटकामांत फळी, बल्ली आणि दोर एवढ्यावर अडथळा पार करायचा असतो. जमिनीला पाय लावायचा नाही, ठरावीक रंगाच्या भागाला हात लावायचा नाही. तिथेही तेच. दोर हिसकावून घेणाऱ्याला वाटतं, आपण पुढाकार दाखवला. परीक्षक काय बघत होते हे मी सांगू शकत नाही. पण आमच्याकडे बांबू आणि नाड्यांवर केलेल्या सरावात मला एवढं दिसायचं की काम तेव्हाच पुरं होई, जेव्हा कुणीतरी मागे वळून बघायचं की शेवटचा माणूस अजून पलीकडेच आहे.

आमची बहुतेक मुलं परत यायची. कुणी पहिल्या दिवशी, कुणी शेवटच्या. 'कॉन्फरन्स आउट', म्हणजे शेवटच्या दिवशी बाद, हा शब्द आमच्या गावात दहावीच्या मुलालाही माहीत होता. परत आलेला मुलगा आठवडाभर तोंड दाखवायचा नाही. त्याच्या घरी जाऊन बसणं हा माझ्या कामाचा भाग कुठल्या नियमावलीत नव्हता, पण तो होता. वडील विचारायचे, 'सर, काय कमी पडलं?' याला प्रामाणिक उत्तर नसतं. एक आई म्हणाली, 'पाच दिवस पाच अनोळखी पोरांबरोबर राहिला, सगळ्यांचे नंबर घेऊन आला. रोज बोलतोय त्यांच्याशी.' तिला त्यात काहीतरी मिळालेलं दिसत होतं. मी नुसती मान हलवली.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. आमचं कॉलेज उंचावर असल्याने वर्गांत माणसं आली आणि मैदानात जनावरं. कॅडेटांना मी एकच गोष्ट बजावली होती, पाण्यात कुणीही उतरायचं नाही. पोहता येणारी मुलं चडफडली. मग ८ तारखेला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची बातमी आली. लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली होती आणि माणसं गेली होती. बोटीत मावतील त्याहून जास्त बसले होते. पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना समोर बोट आली तर कोण थांबणार?

त्या दुपारी आमची अंडर ऑफिसर, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, टेबल घेऊन फाटकातच बसली. तोवर तिथे एक नोंदवही होती, तिच्यात नाव आणि गाव एवढंच लिहिलं जात होतं. तिने नवीन रेघा मारल्या. घरात किती, आले किती, मागे कोण राहिलं, का राहिलं. शेवटचे दोन रकाने तिच्याच डोक्यातले. आणि त्यातून जे निघालं ते आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बरेच म्हातारे म्हशींपायी मागे थांबलेले. एका वाडीत एक बाळंतीण. एका घरात इन्सुलिनवरचा माणूस, त्याची औषधं संपलेली. संध्याकाळी बचाव पथकाची माणसं आली तेव्हा तिने वाडीवार यादी वाचून दाखवली. पथकाच्या प्रमुखाने ती कागदावर उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचा माणूस आधी तिच्या टेबलाकडे यायला लागला.

चौथ्या-पाचव्या दिवशी मदतीचे ट्रक सुरू झाले. पाणी, बिस्किटं, चादरी आणि जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग. एका ट्रकबरोबर एक पुढारी आला, मागे कॅमेरेवाले. त्याच्या माणसाने थेट वर्गांत शिरून वाटप सुरू करायचं ठरवलं. पोरगी दारात उभी. 'आधी नोंद, काका. कुठल्या वर्गात किती माणसं आहेत ते मी देते, त्याप्रमाणे उतरवा.' तो चिडला. माझ्याकडे बघून म्हणाला, 'सर, ही कोण?' मी म्हटलं, 'इथली इनचार्ज.' पाचेक मिनिटं ताणाताणी झाली, मग ट्रक तिच्या यादीप्रमाणे उतरला. फोटो काढून झाले. आवाज तिने एकदाही चढवला नव्हता. तिसऱ्या रांगेतल्या म्हातारीला चादर मिळाली की नाही हे ती रात्री जाऊन बघून आली.

ती आता एका सहकारी बँकेत आहे, सैन्यात गेली नाही. घरच्यांनी लग्न ठरवलं आणि तिनेही ते मानलं. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ साली गेली तेव्हा तिने मला फोन केला होता. मोकळी बोलली, थोडी हळहळलीही. मी तिला उगाच समजावत बसलो नाही.

निवृत्तीनंतर मला कॉलेजांतून 'नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर बोलवतात. व्यासपीठ, शाल, नारळ, मागे प्रोजेक्टरवर वाघाचं चित्र. नव्या शैक्षणिक धोरणात एनसीसीला श्रेयांक मिळू लागले आहेत, त्यामुळे उत्तरपत्रिकेत नेत्याचे गुण क्रमवार लिहिणारी मुलं पुढच्या रांगेतच बसलेली असतात. मी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला विचारतो, सभागृहात किती जण आहेत? त्याला वाटतं मी कौतुकाने विचारतोय, तो म्हणतो, 'हाउसफुल्ल आहे, सर.' मग मी विचारतो, यायला हवे होते आणि आले नाहीत असे किती, आणि का? यावर शांतता. मी दोघांना उठवतो, कागद देतो आणि पाठवतो. ते परत येईपर्यंत व्याख्यान सुरू करत नाही. कुणी बसचा पास संपला म्हणून आलेलं नसतं, कुणी वसतिगृहात आजारी असतं, एकदा एक मुलगा सभागृहामागे खुर्च्या लावून दमून तिथेच झोपलेला सापडला. आयोजकांना हा वेळकाढूपणा वाटतो. दोन ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलेलं नाही. पण एका कॉलेजच्या सूत्रसंचालकाने परवा मला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच फोन केला. म्हणाला, 'सर, एकशे बारा येणार आहेत. नऊ येत नाहीत, त्यातल्या सात जणांचं कारण कळलंय. दोघांचं उद्या सकाळपर्यंत सांगतो.'